लागोसच्या लग्नाला पाहुणी म्हणून जातेय, काय घालू?

गोदाकाठ

मुलीच्या मैत्रिणीचं लग्न डिसेंबरात नायजेरियात, लागोसला आहे. दोघी लंडनला चार वर्षं एका घरात राहिल्या. माझी मुलगी तापाने फणफणली होती तेव्हा ह्या पोरीने तीन आठवडे तिच्या उशापायथ्याशी बसून काढले. ते मी विसरणार नाही. तिच्या आईशी माझं व्हिडिओवर बोलणं होतं, आणि आता त्यांनी मला नि ह्यांना अगदी आग्रहाने बोलावलंय. आम्ही जाणार, हे ठरलेलं आहे.

ते लोक योरुबा समाजाचे आहेत, धर्माने ख्रिश्चन. गुरुवारी पारंपरिक विधी, शनिवारी चर्च आणि संध्याकाळी मोठी मेजवानी. मागच्या आठवड्यात नवरीच्या आईने कापडाचा फोटो पाठवला. मरून रंगाची लेस आणि डोक्याला बांधायला सोनेरी कडक कापड. लेस पाच वार. सोबत किंमतही कळवली आणि विचारलं, "तुमच्यासाठी बाजूला ठेवू का?"

माझ्या मनात होतं की पैठणी नेसावी. आपल्या घरचं कार्य असल्यासारखीच मी जातेय. मुलगी म्हणते, आई, तू त्यांचे कपडे घातलेस तर वेषभूषा स्पर्धेत उभी राहिल्यासारखी दिसशील, लोकांना आवडणार नाही. आणि दीर म्हणाले, बोलावतात आणि वर कापडाचे पैसे मागतात, ही कुठली रीत? मला त्यांचं म्हणणं पटलं नाही, पण उत्तरही देता आलं नाही.

कोणी अशा लग्नाला गेलंय का?

इलुपेजूकर

ताई, मी लागोसला अकरा वर्षं होतो. सहकारी, शेजारी, ड्रायव्हरची बहीण, अशी वीस-बावीस लग्नं तरी जेवलोय. पहिलं सांगतो : कापड घ्या. आज रात्रीच हो कळवा, कारण कापड मोजून आणलेलं असतं आणि संपतं.

ह्याला 'आशो एबी' म्हणतात. आशो म्हणजे कापड, एबी म्हणजे कुटुंब. लग्नघर रंग ठरवतं. मुलीकडच्यांचा एक, मुलाकडच्यांचा दुसरा, मैत्रिणींचा तिसरा. त्या रंगातलं कापड ज्याच्या अंगावर, तो त्या बाजूचा माणूस. हजारभर माणसं जमलेल्या हॉलमध्ये दारातून आत पाऊल टाकलंत की कोणीही न विचारता तुम्हाला मुलीकडच्या टेबलाकडे नेतात. तुम्हाला मरून आलंय. मुलीच्या आईच्या मैत्रिणींचा किंवा घरच्या बायकांचा तो रंग असणार. विचारून बघा. पत्रिका सगळ्यांना जाते, कापडाचं विचारणं सगळ्यांना होत नाही.

पैशांबद्दल. आपल्याकडे मानाची साडी यजमान देतो, आहेर पाहुणा देतो. तिथे पाहुणा कापड विकत घेतो आणि त्यातून लग्नघराच्या खर्चाला थोडा हातभार लागतो. परत निघताना भेटवस्तूंची पिशवी हातात येते : डबे, टॉवेल, छत्री, त्यावर वधूवरांची नावं छापलेली. देणंघेणं दोन्हीकडे आहे, फक्त पैसा फिरतो वेगळ्या वाटेने. हां, ह्याचा ताण लोकांवर येतो हेही खरं. वर्षाला दहा लग्नं आणि दहा कापडं, नोकरदार पोरींची ओढाताण मी पाहिली आहे. ज्यांना झेपत नाही ते त्याच रंगछटेतलं घरचं काही घालून येतात, आणि समजूतदार लग्नघर त्यावर काही बोलत नाही. तुम्हाला परवडत असेल तर मात्र मागेपुढे पाहू नका.

येवल्याची_लेक

मला थोडं वेगळं वाटतं. पैठणी नेसून गेलात तर त्या घराला अभिमानच वाटेल की नाशिकहून खास माणसं आली. आपलं वस्त्र नेसणं हाही मान देण्याचाच प्रकार आहे. माझी मामेबहीण तिच्या ऑफिसातल्या नायजेरियन मुलीच्या लग्नाला साडी नेसून गेली होती, लोकांनी रांग लावून तिच्याबरोबर फोटो काढले.

इलुपेजूकर

साडीचं कौतुक होतंच, तुमचं बरोबर आहे. पण त्या मामेबहिणीला कापडाचं विचारलं होतं का? विचारलं नसेल तर साडी उत्तमच. विचारल्यावर नाही म्हणून साडी नेसणं म्हणजे आपल्याकडे हळदीकुंकवाला बोलावल्यावर कुंकू लावायला हात पुढे आला आणि आपण कपाळ मागे घेतलं, असं होतं. तोंडावर कोणी काही म्हणणार नाही, पण मुलीच्या आईला लागेल.

आणि दोन दिवस आहेत की! मरून कापड कुठल्या दिवसाचं ते आधी विचारा. दुसरा दिवस पैठणीचा.

गोदाकाठ

कळवलं. मरून गुरुवारचं आहे आणि ते "आईच्या मैत्रिणींचं" आहे, तुम्ही म्हणालात तसंच. शनिवारी काहीही चालेल, फक्त पांढरं आणि पांढरट नको म्हणाल्या. त्यांनी पुढे विचारलं, "तुमचं ते सोनेरी काठाचं शनिवारी घालाल ना?" माझ्या मुलीने त्यांना माझे फोटो आधीच दाखवलेले दिसताहेत.

कापड कुरियरने येईल. आता शिवायचं कुठे?

सुईदोरा

ठाण्याला माझं बुटीक आहे. पुण्यात शिकणाऱ्या दोन नायजेरियन मुलींचं शिवलंय, त्या अनुभवावरून लिहिते.

तुमच्या वयाच्या बायका साधारण 'इरो' आणि 'बुबा' घालतात. इरो म्हणजे कमरेला गुंडाळायचं वस्त्र, शिवण जवळजवळ नाहीच, लुंगीसारखं एकावर एक घेऊन टोक कमरेशी घट्ट खोचायचं. साडी नेसणाऱ्या बाईला ते दोन मिनिटांत जमतं. बुबा म्हणजे सैल, लांब बाह्यांचा ब्लाउज, गळा मोठा. खांद्यावरून किंवा हातावर 'इपेले' घेतात, घडी घातलेल्या उपरण्यासारखं. तरुण मुली त्याच लेसचे अंगासरशी गाऊन शिवतात, पण आईच्या मैत्रिणींना इरो-बुबाच शोभतो.

लेस ही जाळीदार असते, आत अस्तर लागणारच. इथे आमच्या क्षेत्रातले बरेच जण चूक करतात. सॅटिनचं अस्तर घालतात, ते घामाने अंगाला चिकटतं. मऊ सुती किंवा क्रेप घ्या, लेसच्या रंगापेक्षा एक छटा गडद. टिकल्या असतील तर शिवणीच्या रेषेवरच्या टिकल्या हाताने काढून मग मशीन मारायची, नाहीतर सुया तुटतात आणि काखेत टोचत राहतं. आणि कापायच्या आधी लेसची कड पाहा. वेलबुट्टीची कंगोरेदार कड असते, ती बाहीच्या आणि इरोच्या टोकाला आली पाहिजे. कड कापून टाकली तर पाच वारांची शोभा गेली.

माझ्याकडे आली होती त्यातल्या एका मुलीचं कापड आधी दुसऱ्या शिंप्याकडे गेलं होतं. त्याने कड आत दुमडून टाकली आणि बुबा पंजाबी ड्रेसच्या मापाने इतका घट्ट शिवला की हात वर होईना. लग्न परवावर आलेलं. रडत आली बिचारी. दुसरं कापड मिळण्यासारखं नव्हतं, तो रंग तेवढाच आणलेला. मी इपेलेच्या तुकड्यातून दोन्ही काखांत कळ्या घातल्या. म्हणून सांगते, महिनाभर आधी शिवून घ्या आणि घालून, हात वर करून, नाचून बघा. त्या लग्नात बसून राहायला मिळत नाही.

वस्त्रवेडा

कापडाचा विषय निघालाय म्हणून थोडं सांगतो, कारण ह्यात आपला संबंध आहे आणि तो फार कमी लोकांना माहीत असतो.

ज्या लेसला आज "नायजेरियन" म्हणतात ती मुळात ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंडमधली. ऑस्ट्रियातल्या लुस्टेनाऊ गावातले भरतकामाचे कारखाने १९६० च्या दशकापासून नायजेरियासाठी माल काढू लागले. रंग, नक्षी, टिकल्या, सगळं लागोसच्या व्यापारी बायकांच्या सांगण्यावरून. आपल्याला युरोपी वाटावी अशी ती लेस युरोपात कोणी तशी घालत नाही. ती योरुबांच्या आवडीनेच घडलेली आहे.

योरुबांचं स्वतःचं विणलेलं वस्त्र म्हणजे 'आशो ओके'. ओयो राज्यातलं इसेयिन हे त्याचं जुनं केंद्र. अरुंद मागावर जेमतेम चार-पाच इंच रुंदीची लांबलचक पट्टी विणतात आणि पट्ट्या शेजारी शेजारी शिवून कापड करतात. जुने मानाचे तीन प्रकार : 'एतू' नीळ दिलेलं गडद निळं, 'आलारी' लालभडक, आणि 'सान्यान' रानरेशमाचं, बदामी रंगाचं. आपल्या टसरची आठवण यावी असं. पारंपरिक विधीत वधूवर बहुधा आशो ओकेतच असतात. तुम्ही अंगभर आशो ओके घालू नका, तो दिवस त्यांचा.

आणि आता आपला संबंध. नायजेरियाच्या आग्नेयेकडे इग्बो समाजाच्या बायका लग्नात 'जॉर्ज' नावाचं कापड नेसतात. नाव मद्रासच्या सेंट जॉर्ज किल्ल्यावरून पडल्याचं सांगतात, कारण माल तिथून जहाजात चढायचा. नायजर नदीच्या मुखाकडच्या कालाबारी लोकांत मद्रासच्या चौकडीच्या कापडाला 'इन्जिरी' म्हणतात, ते जन्मापासून मरणापर्यंत प्रत्येक संस्काराला लागतं. त्यातले ठरावीक धागे ब्लेडने कापून, ओढून काढून ते नवी नक्षी तयार करतात. आपल्या विणकराने विणलेलं कापड त्यांनी धागे काढून आपलंसं केलं. भरजरी जॉर्ज आजही भारतात तयार होऊन तिकडे जातं. गोदाकाठताई, हॉलमध्ये कोणा बाईच्या कमरेला जरीकामाचं जड वस्त्र ओळखीचं वाटलं तर ती ओळख खरी समजा.

अक्राची_वाट

चर्चा वाचून आनंद झाला. एकच विनंती, कोणी हा धागा "आफ्रिकन लग्न" म्हणून पुढे पाठवू नये. मी घानात, अक्राला सहा वर्षं होते आणि वरचं निम्मं तिथे लागू होत नाही.

घानात अकान लोकांत लाल आणि काळा हे मृत्यूचे रंग. अंत्यविधीला सगळं गाव लाल-काळ्यात येतं. मी पहिल्याच वर्षी एका लग्नाला काळी, लाल काठांची इरकल नेसून निघाले होते. शेजारच्या आजींनी जिन्यात अडवलं, माझा हात धरून परत वर नेलं आणि कपाटातली पिवळी साडी स्वतः निवडून दिली. त्यांचे मी आजही आभार मानते. कुमासीजवळच्या बोनविरे गावची केंते (तिथलं हातमागाचं कापड) वधूवरांच्या अंगावर असते, पुरुष ती डाव्या खांद्यावर घेऊन उजवा खांदा उघडा ठेवतात. पाहुण्या बायका 'काबा आणि स्लिट' शिवतात, म्हणजे नक्षीदार ब्लाउज आणि लांब, सरळ स्कर्ट. तिथे तुम्हाला कापड ठरवून दिलं जाईलच असं नाही.

मोंबासाकर

केनियाच्या किनाऱ्याचं सांगते. स्वाहिली मुसलमान घरात बायकांचा समारंभ वेगळा असतो. दारापर्यंत सगळ्या काळ्या बुइबुईत (बुरख्यासारखा झगा) आणि आत गेल्यावर डोळे दिपतील असे रंग, सोनं, मेंदी. पुरुष नसतात, त्यामुळे आत मोकळेपणाने नटता येतं, पण जाता-येताना अंग झाकणारं हवं.

तिथल्या 'कांगा'वर स्वाहिलीत एक वाक्य छापलेलं असतं. कांगा जोडीने मिळतात, भेट म्हणून देतात. मोंबासाच्या बियाशारा रस्त्यावर ओळीने दुकानं, कितीतरी दुकानदार गुजराती. रंग आवडला म्हणून उचलू नका, वाक्य वाचून घ्या. काही वाक्यं सवतीला, शेजारणीला टोमणा मारणारी असतात, आणि ती अंगावर घेऊन लग्नघरी गेलात तर सासूला वाटेल तिलाच ऐकवताय. मी 'वेमा हाउओझी' लिहिलेली जोडी दिली होती. चांगुलपणा कुजत नाही, असा अर्थ. नवरीच्या आजीने ती लगेच खांद्यावर टाकली.

लीड्सची_नेहा

मला मुलीच्या शंकेबद्दल लिहायचं आहे, कारण मी तिच्याच वयाची आहे आणि तिची भीती मला कळते. इथे आम्ही हे रोज बघतो : कोणीतरी गंमत म्हणून बिंदी लावून, लेहेंगा घालून पार्टीला येतं आणि आपल्याला कसंतरी होतं. त्यामुळे आपणही तसं कोणाला करू नये असं वाटतं.

पण फरक निमंत्रणात आहे. माझ्या योरुबा मैत्रिणीच्या लग्नात मी आधी नको म्हणाले होते. ती शांतपणे म्हणाली, "मी तुझ्या दादाच्या लग्नात नऊवारी नेसले, तेव्हा तुझ्या आजीने मला नेसवली होती. तेव्हा मी नाटक करत होते का?" मला उत्तर सुचलं नाही. मी कापड घेतलं. लग्नाच्या दिवशी मला एकही नजर विचित्र वाटली नाही. उलट अनोळखी मावश्यांनी माझं इपेले तीन वेळा नीट केलं.

नको ते काय, तेही सांगते. घरच्यांनी दिलं नसेल ते स्वतःच्या मनाने चढवू नका. पोवळ्यांच्या जाड माळा गळाभर घालणं, राजघराण्यातल्यासारखा थाट, हे नको. इग्बो लग्नात पुरुषांनी लाल टोपी घालू नये, ती मूळची पदवी मिळालेल्या मोठ्या माणसांची. आणि बाजारात "आफ्रिकन प्रिंट" म्हणून मिळतं ते रंगीत छापील कापड, तिथे त्याला 'अंकारा' म्हणतात, ते छान असतं पण मोठ्या लग्नात लेसच्या शेजारी साधं पडतं.

गोदाकाठ

नेहा, तुझं उत्तर मुलीला वाचून दाखवलं. ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, माझ्यासाठीपण कापड ठेवायला सांग.

ह्यांचं काय करू? त्यांना फक्त टोपीचा रंग कळवलाय.

इलुपेजूकर

टोपी म्हणजे 'फिला', ती बहुधा आशो ओकेची असेल. मग अंगातलं तुमचं तुम्ही ठरवायचं. पूर्ण थाट म्हणजे 'अग्बादा' : आत लांब सदरा, खाली 'शोकोतो' म्हणजे पायजमा, आणि वर भला मोठा झगा, ज्याच्या बाह्या सारख्या खांद्यावर परतून घ्याव्या लागतात. सवय नसलेल्या माणसाला जेवताना तो सांभाळणं अवघड जातं. साहेबांना पांढरा सोडून फिक्या रंगाचा झब्बा-पायजमा आणि वर फिला, एवढं पुरे. आपला झब्बा तिथल्या पोशाखात सहज मिसळून जातो. टोपी सरळ ताठ घालत नाहीत, एका बाजूला कलती करतात. तिथलं कोणीतरी करून देईल.

अजून एक. वधूवर नाचू लागले की लोक त्यांच्या कपाळावर, अंगावर नोटा लावतात. बायका त्यासाठी वेगळी पर्स ठेवतात. ही जुनी हौस आहे, पण २००७ च्या केंद्रीय बँकेच्या कायद्यानुसार नायरा, म्हणजे तिथलं चलन, उधळणं, त्यावर नाचणं हा गुन्हा आहे. किमान सहा महिने कैद किंवा किमान ५० हजार नायरा दंड, किंवा दोन्ही. बरीच वर्षं कोणी लक्ष देत नव्हतं, २०२४ मध्ये खटले होऊन शिक्षा झाल्या. परदेशी माणसाने ह्यात पडू नये. पाकिटात घालून मुलीच्या आईच्या हातात द्या.

आणि कपड्यांचा विषय नसला तरी सांगतो : पीतज्वराची लस निघण्याच्या किमान दहा दिवस आधी घ्या. तिकडे उतरताना लसीचं कार्ड मागू शकतात आणि भारतात परत येताना तर ते लागतंच. कार्ड नसेल तर विमानतळावरून थेट विलगीकरणात नेतात.

गोदाकाठ (सहा आठवड्यांनंतर)

परत आले. सगळ्यांना सांगायलाच हवं.

सुईदोराताई, तुमच्या सूचना इथल्या शिंपिणीला छापून दिल्या होत्या. कड शाबूत, अस्तर सुती. गुरुवारी सकाळी आठ वाजता 'गेले', म्हणजे डोक्याचं ते सोनेरी कापड, बांधायला बाई आल्या. (उच्चार आपल्या 'गेले'सारखाच आहे, म्हणून अवतरणात लिहिते.) आपल्याकडे वरातीआधी फेटेवाला येतो आणि सगळे रांगेत बसतात ना, तसंच. खोलीत अकरा बायका, एक आरसा. सोनेरी कापड इतकं कडक की उलगडताना पत्र्यासारखं वाजतं. बाईंनी कपाळावर धरलं, मला दोन्ही हातांनी मागे ओढून धरायला लावलं, आणि बोटांनी एकेक चुणी घालत गेल्या, आधीच्या चुणीवर अर्धा बोट चढवून, पंख्यासारखी. मागे गाठ, मग सात-आठ टाचण्या. दहा मिनिटांत झालं. दोन गोष्टी कोणी सांगितल्या नव्हत्या. कान आत जातात, त्यामुळे माझी कुडी तासाभरात रुतायला लागली. आणि अंबाडा वर नको, मानेवर खाली हवा, नाहीतर बसत नाही. नथ मात्र घातली होती. ती सगळ्या बायकांनी हात लावून पाहिली.

विधी दोन बोलक्या बायका चालवतात, एक मुलाकडची आणि एक मुलीकडची. नवरा आणि त्याचे मित्र मुलीच्या आईवडलांपुढे जमिनीवर पालथे पडले, अगदी साष्टांग. ह्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. आम्ही सोळा जणी मरूनमध्ये एका बाजूला उभ्या होतो. मुलीच्या आईने पाहुण्यांना माझी ओळख करून देताना "भारतातून आलेल्या" असं म्हटलंच नाही, "माझी बहीण" म्हणाल्या.

शनिवारी पैठणी. चर्चबाहेर त्यांच्या एक वृद्ध आत्या आल्या. इसेयिनच्याच, लहानपणी घरात माग होता म्हणाल्या. त्यांनी न बोलता माझा पदर उचलला आणि उलटा करून पाहिला. मागची बाजूही पुढच्यासारखीच आहे हे बघून मोरावर बोट ठेवून बराच वेळ उभ्या राहिल्या. मग विचारलं, "एक पदर विणायला किती दिवस?" संबंध प्रवासात असा प्रश्न मला दुसऱ्या कोणी विचारला नाही.

मी मुलीच्या आईची खणानारळाने ओटी भरली. नारळ लागोसच्याच बाजारातला.

येवल्याची_लेक

पदर उलटा करून पाहिला! घरी आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, माग ओळखणारं माणूस असंच पाहतं.

सुईदोरा

पाच वारांतून काही उरलं का? शिंपिणीने परत दिलं ना?

गोदाकाठ

पाऊण वार, कडेसकट. मुलीच्या मैत्रिणीला मार्चमध्ये दिवस... नाही, ते एवढ्यात लिहायचं नाही असं मुलीने बजावलंय. ठेवून दिलंय कपाटात, खणाच्या शेजारी.